न मिळालेल्या मोटारीचे हप्ते



इतिहासाच्या व्याख्यानाला आपण येतो ते बहुधा एखादी लढाई, एखादा तह किंवा एखादे राज्यारोहण ऐकण्याच्या अपेक्षेने. आज मी आपल्यापुढे मांडणार आहे तो इतिहास एका पिवळट कागदाच्या पुस्तिकेचा आहे. त्या पुस्तिकेत चौकोन आखलेले असत आणि प्रत्येक चौकोनात पाच मार्क किमतीचे एक तिकीट चिकटवायचे असे. असे चौकोन भरत गेले म्हणजे शेवटी मोटार मिळणार होती. जर्मनीतील तीन लाखांहून अधिक माणसांनी १९३८ सालापासून ही तिकिटे चिकटवली. त्यांपैकी एकालाही ठरल्याप्रमाणे मोटार मिळाली नाही. लढाया जिंकल्या-हरल्याची नोंद सरकारे ठेवतात. घरोघर झालेल्या काटकसरीची नोंद मात्र सहसा राहत नाही. या प्रकरणात ती राहिली, कारण ही माणसे पुढे न्यायालयात गेली आणि बारा वर्षे भांडली.

मोटारीसाठी पैसे साठवणे ही गोष्ट वरवर अगदी खाजगी वाटते. माणूस मनाशी एक गाडी ठरवतो, घरात खर्चाला कात्री लावतो, चहा-तंबाखू कमी करतो आणि महिन्याकाठी काही रक्कम बाजूला टाकतो. हा त्याचा त्याच्या मनाशी चाललेला व्यवहार आहे, त्यात दुसऱ्याचा काय संबंध, असे आपणांस वाटेल. परंतु साठवलेला पैसा कोठेतरी ठेवावा लागतो, आणि ज्या वस्तूसाठी तो साठवायचा ती वस्तू कोणीतरी तयार करावी लागते. म्हणजे ठेव घेणारा एक आणि माल देणारा एक, असे निदान दोघेजण या खाजगी स्वप्नात पहिल्या दिवसापासून भागीदार असतात. त्यांनी आपला शब्द पाळला तर काटकसर फळाला येते. न पाळला तर काय होते, हे पाहणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

आपल्या भाषेत ‘हप्ता’ हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ सात दिवसांचा आठवडा. आठवड्याला थोडे थोडे द्यायचे म्हणून ते देणे ‘हप्ता’ झाले. परंतु हप्त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. वस्तू आधी घरी आणून मग फेडत बसायचे, हा एक. आणि आधी फेडत राहून वस्तू शेवटी घरी आणायची, हा दुसरा. पहिल्यात धोका सावकाराचा असतो. दुसऱ्यात तो सर्वस्वी हप्ता भरणाऱ्याचा असतो. आपले वाडवडील दुसऱ्या प्रकाराला अधिक अब्रूदार समजत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही वचने त्याच समजुतीतून आलेली आहेत. तेव्हा ज्या जर्मन गृहस्थाने कर्ज न काढता आधी पैसे साठवण्याचा मार्ग धरला, तो आपल्या दृष्टीने शहाणाच म्हटला पाहिजे. त्याच्या शहाणपणाचे पुढे काय झाले हे नीट समजण्यासाठी आपल्याला प्रथम थोडे अमेरिकेकडे वळले पाहिजे, कारण या कल्पनेची पहिली मोठी परीक्षा तेथे झाली.

हेन्री फोर्ड यांनी ‘मॉडेल टी’ ही मोटार १९०८ साली बाजारात आणली तेव्हा तिची किंमत आठशे डॉलरांच्या वर होती. सरकत्या पट्ट्यावर जुळणी करण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि १९२३ च्या सुमारास हीच किंमत तीनशे डॉलरांच्या आतबाहेर आली. फोर्ड यांना कर्जाचा तिटकारा होता. त्यांची प्रतिस्पर्धी जनरल मोटर्स कंपनी १९१९ पासून स्वतःची पेढी काढून गिऱ्हाइकांना गाडीसाठी कर्ज देत होती. याला उतारा म्हणून फोर्ड यांनी १९२३ साली आठवडी बचतीची योजना काढली. गिऱ्हाइकाने दर आठवड्याला पाच डॉलर गावातल्याच बँकेत भरावेत, त्यांवर व्याज मिळावे, आणि किमतीइतकी रक्कम जमली की गाडी घेऊन जावी. दीड वर्षात सुमारे चार लाख लोकांनी नावे घातली. परंतु गाडी घेईपर्यंत टिकले ते सुमारे एक लाख तीस हजार. शेजारच्या दुकानात थोडी रक्कम टाकून आजच गाडी मिळत असता दीड वर्ष कोण थांबणार? फोर्ड यांची योजना फसली, आणि १९२८ साली त्यांच्या कंपनीलाही गिऱ्हाइकांना कर्ज देणारी पेढी काढावी लागली.

या फसलेल्या योजनेतील दोन गोष्टी आपण ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही, की गाडी तयार होती. रस्त्यावर लाखोंनी धावत होती. दुसरी ही, की पैसा गावच्या बँकेत होता आणि त्याला व्याज होते. योजना गिऱ्हाइकांनी मोडली. योजनेने गिऱ्हाइकांना मोडले नाही.

आता जर्मनीकडे येऊ. १९२० ते १९३० या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पाच माणसांमागे एक मोटार होती. जर्मनीत १९३२ साली साऱ्या देशात मिळून मोटारी होत्या सुमारे पाच लाख. मोटार हे डॉक्टर, वकील आणि कारखानदार यांचे वाहन होते. सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी गाडी निघाली पाहिजे, ही कल्पना जर्मन अभियंत्यांत बरीच वर्षे घोळत होती. योझेफ गांझ नावाचे एक ज्यू अभियंते आणि संपादक आपल्या नियतकालिकातून तिचा हिरीरीने पुरस्कार करीत. १९३३ साली नाझी सत्तेवर आले, गांझ यांना अटक झाली आणि पुढे त्यांना देश सोडावा लागला. त्यांची कल्पना मात्र देशातच राहिली आणि तिला नवा धनी मिळाला.

हिटलरने १९३४ च्या बर्लिन मोटार प्रदर्शनात जनतेच्या गाडीची मागणी केली. त्याच वर्षी फेर्डिनांड पोर्शे या अभियंत्याकडे आराखड्याचे काम सोपवण्यात आले. किंमत हजार मार्कांच्या आत हवी, अशी अट होती. ही हजाराची मर्यादा हिशेबातून आलेली नव्हती. ती वरून ठरवलेली होती. जर्मन मोटार कारखानदारांना हे गणित जमणारे दिसेना. त्या काळी ओपेल कंपनीची सर्वांत स्वस्त गाडी साडेचौदाशे मार्कांना पडत होती. कारखानदार मागे सरताच हे काम ‘जर्मन कामगार आघाडी’ नावाच्या संस्थेने उचलले.

ही आघाडी म्हणजे काय, हे येथे सांगणे भाग आहे. २ मे १९३३ रोजी नाझींनी देशातील सर्व स्वतंत्र कामगार संघटना एका दिवसात मोडल्या, त्यांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि त्यांची मालमत्ता जप्त केली. त्या जागी सरकारी पक्षाची ही एकच आघाडी उभी केली. तिचा प्रमुख रॉबर्ट लाय. कामगारांच्या सहली, नाटके, जलप्रवास यांची व्यवस्था पाहणारी तिची एक शाखा होती. तिचे नाव ‘आनंदातून शक्ती’. नव्या मोटारीलाही याच शाखेचे नाव देण्यात आले. कारखान्याच्या भांडवलासाठी कामगार संघटनांकडून हिसकावलेली मालमत्ता कामी आली. म्हणजे ज्या कामगारांसाठी ही गाडी आहे असा डांगोरा पिटला जात होता, त्यांच्याच वर्गणीतून साठलेल्या पैशावर कारखान्याची पहिली वीट ठेवली गेली, आणि त्यांना ते विचारण्यात आले नव्हते.

२६ मे १९३८ रोजी फालर्सलेबेन गावाजवळ हिटलरच्या हस्ते कारखान्याची कोनशिला बसवण्यात आली. पुढे, १ ऑगस्टच्या सुमारास, लाय याने बचत योजना जाहीर केली. आता या योजनेच्या अटी आपण जरा सावकाश पाहू, कारण सारा इतिहास या अटींतच दडलेला आहे.

गाडीची किंमत ९९० मार्क. वरचे छत गुंडाळता येणारे हवे असेल तर ६० मार्क अधिक. दर आठवड्याला किमान पाच मार्कांचे तिकीट घेऊन पुस्तिकेत चिकटवायचे. निव्वळ किंमत भरायला या दराने १९८ आठवडे, म्हणजे पावणेचार वर्षांहून अधिक काळ लागे. शिवाय दोन वर्षांच्या सक्तीच्या विम्याचे सुमारे २०० मार्क आणि गाडी कारखान्याबाहेर पोचती करण्याचे ५० मार्क धरले, तर मुदत पावणेपाच वर्षांवर जाई. साडेसातशे मार्क भरून झाले की एक क्रमांक मिळे. रंग एकच, निळसर करडा. भरलेल्या पैशावर व्याज नाही. पुस्तिका परवानगीवाचून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. योजनेतून बाहेर पडायचे तर अपवादात्मक कारण हवे, आणि बाहेर पडताना भरलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा कापला जाणार. आणि गाडी कोणत्या तारखेला मिळणार? याचे उत्तर पुस्तिकेत नव्हते.

एखाद्या खेड्यातल्या सावकाराने अशा अटी घातल्या असत्या तर गावाने त्याला हसून वाटेला लावले असते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असे आपण म्हणतो. येथे तुरी बाजारातही नव्हत्या. योजना जाहीर झाली त्या वेळी कारखान्याच्या भिंती उभ्या राहत होत्या आणि गाड्या होत्या त्या नमुन्यादाखल हाताने बनवलेल्या मूठभर. तरीही माणसे पुढे आली. १९३९ सालच्या अखेरीपर्यंत सुमारे पावणेतीन लाख लोकांनी पुस्तिका घेतल्या. एकंदर आकडा पुढे ३ लाख ३६ हजारांवर गेला. जमा झालेली रक्कम सत्तावीस-अठ्ठावीस कोटी मार्कांच्या घरात होती.

ही माणसे कोण होती? गाडी कामगारांची म्हणून गाजवली गेली, परंतु १९३६ च्या सुमारास जर्मनीतील निम्म्याहून अधिक करदात्यांचे उत्पन्न वर्षाला दीड हजार मार्कांच्या आत होते. आठवड्याला तीसेक मार्क घरी आणणाऱ्याने त्यांतले पाच, म्हणजे सहावा हिस्सा, पाच वर्षे बाजूला कसा टाकावा? आणि गाडी आल्यावर तेल, दुरुस्ती आणि निवारा यांचा खर्च वेगळाच. युद्धकाळातील एका पाहणीत बचत करणाऱ्यांचे सरासरी उत्पन्न वर्षाला चार हजार मार्कांच्या आसपास आढळले आणि त्यांत कामगार होते शेकडा पाचाच्या सुमारास. बाकीचे बहुतेक मध्यमवर्गीय: कारकून, शिक्षक, दुकानदार, अधिकारी. आपल्या व्याख्यानमालांना ज्या थरातून श्रोते येतात, साधारण त्याच थरातील ही माणसे होती.

आणि काहींना तर या स्वप्नातून मुळातच वगळले होते. ज्यूंना ही पुस्तिका मिळत नव्हती. ज्या वर्षी योजना सुरू झाली त्याच वर्षाच्या डिसेंबरात जर्मनीतील ज्यूंचे मोटार चालवण्याचे परवाने रद्द करण्यात आले. तेव्हा ‘जनतेची गाडी’ या शब्दातील जनता कोण, हे ठरवण्याचा अधिकार सत्तेने आपल्याकडे घेतला होता. पुस्तिकेत तिकीट चिकटवणाऱ्या मध्यमवर्गीयाला शेजारच्या घरातील माणसाचा परवाना गेलेला दिसत नव्हता असे नव्हे. त्याने त्याचा आपल्या पुस्तिकेशी संबंध जोडला नाही. वस्तुतः संबंध होता. जे सरकार एका नागरिकाचा हक्क एका हुकमाने काढून घेते, त्याने दुसऱ्याला दिलेला शब्द कोणत्या आधारावर टिकावा?

१ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध सुरू झाले. कारखान्यातून सैन्यासाठी त्याच सांगाड्यावर उघड्या लष्करी गाड्या निघू लागल्या. अशा सुमारे पन्नास हजार गाड्या आणि पाण्यातही चालणाऱ्या सुमारे चौदा हजार गाड्या युद्धकाळात तयार झाल्या. विमानांची दुरुस्ती, सुरुंग आणि उडत्या बाँबचे भाग अशीही कामे तेथे झाली. जनतेची म्हणून जी गाडी होती ती युद्धकाळात सहाशेच्या वर थोडी तयार झाली आणि ती सारी अधिकाऱ्यांकडे आणि पक्षातील बड्या मंडळींकडे गेली. मौज अशी, की इकडे लोक तिकिटे चिकटवीतच राहिले. विजयानंतर गाड्या मिळतील असे त्यांना सांगण्यात येत होते. काहींची पुस्तिका युद्ध चालू असतानाच पुरी भरली आणि त्यांनी ती कपाटात जपून ठेवली.

त्याच वेळी त्या कारखान्यात कोण राबत होते, हे सांगितल्याखेरीज या पुस्तिकेचा इतिहास पुरा होणार नाही. पोलंडमधून आणलेल्या स्त्रिया, सोव्हिएत युद्धकैदी, फ्रेंच, डच आणि इटालियन मजूर, छळछावण्यांतील कैदी, अशा सुमारे वीस हजार माणसांकडून युद्धकाळात तेथे सक्तीने काम करून घेण्यात आले. युद्धाच्या अखेरीस कारखान्यातील मनुष्यबळात त्यांचेच प्रमाण मोठे होते. मजूर स्त्रियांची तान्ही मुले त्यांच्यापासून काढून घेऊन रूहेन गावच्या एका शिशुगृहात ठेवली जात. घाण आणि उपेक्षा यांमुळे तेथे साडेतीनशेहून अधिक अर्भके मरण पावली. त्या शिशुगृहाची जबाबदारी असलेल्या कारखान्याच्या डॉक्टरला युद्धानंतर ब्रिटिश लष्करी न्यायालयाने देहान्ताची शिक्षा दिली. कोणाच्या तरी रविवारच्या सहलीसाठी कल्पिलेल्या वाहनाच्या कारखान्यात हे घडले.

१९४५ साली जर्मनीचा पराभव झाला. कामगार आघाडी दोस्त राष्ट्रांनी बरखास्त केली. बचतीचा पैसा आघाडीच्या बर्लिनमधील बँकेत होता. बर्लिन सोव्हिएत सैन्याने घेतले आणि तो पैसा गेला. लाय याने न्यूरेंबर्गच्या तुरुंगात खटला सुरू होण्यापूर्वीच आत्महत्या केली. ज्याच्याकडे जाब मागावा असे एकही दार उघडे राहिले नाही.

एक दार मात्र शिल्लक होते. कारखाना बाँबहल्ल्यांतून बराचसा वाचला होता. त्या गावाला आता वोल्फ्सबर्ग असे नवे नाव मिळाले होते आणि तो प्रदेश ब्रिटिशांच्या ताब्यात होता. आयव्हन हर्स्ट या ब्रिटिश मेजरने यंत्रसामग्री जुळवून कारखाना सुरू केला. ब्रिटिश सैन्याने वीस हजार गाड्या मागवल्या आणि १९४५ च्या डिसेंबरात तीच छोटी, पाठीमागे इंजिन असलेली गाडी नियमितपणे बाहेर पडू लागली. १९४८ च्या जानेवारीत हाइन्झ नॉर्डहॉफ कारखान्याचे प्रमुख झाले, त्याच वर्षी नवे चलन आले, आणि जर्मनीतील दुकानांत माल दिसू लागला. रस्त्यावर गाडी धावताना दिसली तेव्हा पुस्तिकाधारकांनी आपापली कपाटे उघडली.

१९४८ च्या ऑक्टोबरात या लोकांनी आपली संघटना स्थापन केली आणि पुढील वर्षी कारखान्यावर दावा लावला. त्यांचे म्हणणे सरळ होते: कारखाना तोच, गाडी तीच, आमच्यासाठी म्हणून ती बांधली, आम्ही किंमत भरली आहे, आता गाडी द्या. कारखान्याचे म्हणणेही तितकेच सरळ होते: तुमचा करार कामगार आघाडीशी होता, आमच्याशी नव्हता. तुमचा एक पैसाही आमच्या तिजोरीत आलेला नाही, आणि ज्या संस्थेने वचन दिले ती आता अस्तित्वात नाही. गंमत अशी, की कारखान्याचा मालक कोण हेही त्या वेळी कोणाला नक्की सांगता येत नव्हते. संघराज्य आणि लोअर सॅक्सनी हे राज्य यांच्यात त्याबद्दलचा वाद होता आणि तो १९६० पर्यंत मिटला नाही.

हिल्डेसहाइमच्या न्यायालयात दावा फेटाळला गेला. मग तो सेले येथील वरिष्ठ न्यायालयात गेला, तेथून कार्ल्सरूहेच्या संघीय न्यायालयात, आणि असा वरखाली फिरत राहिला. दरम्यान ५ ऑगस्ट १९५५ रोजी कारखान्यातून दहा लाखावी गाडी बाहेर पडली. अखेर १९६१ च्या ऑक्टोबरात तडजोड झाली. ज्याची पुस्तिका पुरी भरलेली असेल त्याने नवी गाडी घेतल्यास किमतीत ६०० मार्कांपर्यंत सूट. गाडी नको असेल तर रोख १०० मार्क. सूट म्हणजे त्या काळच्या गाडीच्या किमतीचा सहावा-सातवा हिस्सा. उरलेले पैसे पुन्हा साठवायचे होतेच. १९३८ साली तिशीत असलेला माणूस आता पन्नाशी ओलांडून गेला होता. त्याच वर्षी त्या कारखान्याचे समभाग ‘जनतेचे समभाग’ म्हणून सर्वसामान्यांना विकण्यात आले आणि लोकांनी ते उत्साहाने घेतले.

येथे एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. पुस्तिकाधारकाच्या हाती तिकिटे लावलेला कागद होता, म्हणून तो युद्धानंतर चार वर्षांत न्यायालयात उभा राहू शकला. सक्तीने राबलेल्या मजुरांच्या हाती असा कागद नव्हता. कंपनीने इतिहासकारांकरवी या काळाचे संशोधन करविले, त्याचा ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला, आणि १९९८ साली त्या मजुरांसाठी कंपनीने साहाय्यनिधी उभारला. तोपर्यंत अनेकजण हयात नव्हते. एकाच कारखान्याने फसवलेल्या आणि चिरडलेल्या माणसांत कोणाची कैफियत आधी ऐकली जाते, हेही इतिहासाने पाहिले पाहिजे.

आता कोणी असा आक्षेप घेईल, की युद्ध झाले नसते तर गाड्या मिळाल्या असत्या. दोष युद्धाचा, योजनेचा नव्हे. या आक्षेपात थोडे तथ्य आहे. गाडी उत्तम होती, हे पुढे साऱ्या जगाने मान्य केले. १९७२ साली तिच्या संख्येने फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’चा दीड कोटींचा विक्रम मागे टाकला. परंतु ९९० मार्कांत ती तयार होत नव्हती. प्रत्येक गाडीमागे नुकसान ठरलेले होते आणि ते कोण सोसणार हे कोणी सांगितले नव्हते. शिवाय युद्ध काही आकाशातून पडले नाही. ज्याने कोनशिला बसवली त्यानेच ते सुरू केले. खरा दोष याच्याही अलीकडे आहे. किंमत कशी बसते, पैसा कोठे आहे, गाडी केव्हा, हे प्रश्न विचारायला १९३८ साली जर्मनीत जागाच उरली नव्हती. विचारणाऱ्या कामगार संघटना १९३३ साली मोडल्या होत्या. वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप होते. ज्या कारखानदारांनी आकडे जमत नाहीत असे सुचवले, त्यांना बाजूला सारण्यात आले होते. अशा ठिकाणी माणसाची काटकसर कितीही निष्ठेची असली तरी ती ठेव होत नाही. ती नुसती दिलेली रक्कम होते.

आपल्याकडील अनुभव या दृष्टीने पडताळून पाहण्यासारखा आहे. १९५९ साली केंद्र सरकारने मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रण आणले. कुर्ल्याची फियाट, कलकत्त्याजवळची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड एवढ्याच गाड्यांतून निवड होती आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठीही तसेच. या व्यवस्थेवर लोकांनी पुष्कळ टीका केली, विनोद केले, ते योग्यच होते. पण नाव नोंदवणाऱ्याची अनामत पोस्टाच्या बचतखात्यात त्याच्या स्वतःच्या नावावर असे आणि ते पासबुक विक्रेत्याकडे तारण राही. गाडी उशिरा येई, परंतु पैसा बुडत नसे. पुढे १९८३ साली मारुतीसाठी लाखाहून अधिक लोकांनी आगाऊ पैसे भरले, आणि डिसेंबरात पहिल्या गाड्या लोकांच्या हाती आल्या. २००९ साली टाटांच्या नॅनोसाठी दोन लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली. सोडत निघाली, गाड्या मिळाल्या. ती गाडी पुढे फारशी चालली नाही, हा वेगळा विषय. पण उशीर झाला तर संसदेत प्रश्न विचारता येत होता, वर्तमानपत्रात पत्र लिहिता येत होते, कोर्टात जाता येत होते. आपण या गोष्टींना कुरकुर म्हणतो. जर्मनीतील त्या तीन लाख माणसांना हीच कुरकुर करण्याची सोय नव्हती.

म्हणून मोटारीसाठी पैसे साठवणाऱ्या गृहस्थाला हसू नये, आणि त्याला केवळ थेंबे थेंबे तळे साचे एवढेच सांगून थांबूही नये. तळे कोणाच्या आवारात साचते आहे आणि त्याच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे, हेही त्याने पाहावे. ठेव घेणाऱ्याला हिशेब विचारला असता तो रागावत असेल, तर त्याच्या मोटारीचे चित्र कितीही सुंदर असले तरी खिशातला हात खिशातच ठेवावा. आणि शेजाऱ्याचा हक्क काढून घेतला जात असताना आपली पुस्तिका सुरक्षित आहे असे समजू नये, कारण दोहोंवर सही एकाच हाताची असते.

त्या भरलेल्या पुस्तिकांपैकी काही आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. तिकिटे एका ओळीत, न चुकता, काळजीपूर्वक चिकटवलेली आहेत. ती चिकटवणाऱ्या हातांत कोणताही दोष नव्हता.